गप्प झालेल्याची पाळी

शेंदूरजनाघाटहून दर हंगामात अकोल्याच्या घरी संत्र्यांची पेटी येई, आणि गजेंद्र म्हैसनेने तिच्यातले एकही फळ आजवर तोंडात घातले नव्हते. पेटी पाठवणारा श्याम हा पातूरच्या जानरावांचा मुलगा. लहानपणीच एक पाय गमावलेला, पण आता संत्र्याच्या व्यापारात चांगला स्थिरावलेला. गजेंद्रची आई सत्यवती पेटीची सुतळी स्वतः सोडी, डागी फळे बाजूला काढी, शेजारी वाटी आणि उरलेली दुपारच्या उन्हात बसून सावकाश खाई.

"त्यायनं आपलं घर बुडवलं, अन् तू त्यायचे संत्रे खातं," गजेंद्र म्हणे.

"बुडवलं ते त्याच्या बापानं. हे बापाचे नाईत, पोराचे आहेत."

"मले फरक दिसत नाई."

"नसन दिसत. तुले आंबट बी लागत नाई अन् गोड बी लागत नाई," सत्यवती म्हणे आणि साली गोळा करून कुंडीत टाकी.

गजेंद्रचे वडील भगवंतराव सैन्यात डॉक्टर होते. काळ्या जमिनीवर कपाशी पिकवणाऱ्या घरातून शिकून वर आलेले. एकाहत्तरच्या युद्धात ते पूर्व सीमेवरच्या तंबूतल्या रुग्णालयात होते, आणि सत्यवती तिथेच लष्करी परिचारिका. जखमींनी भरलेली गाडी येई तेव्हा कुणाला आधी उचलायचे, हे ठरवण्याचे काम भगवंतरावांकडे असे. ते काम त्यांना रात्री झोपू देत नसे. पण त्यासाठी एक नियम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. जो ओरडतो आहे त्याचा श्वास चालू आहे, त्याला थोडे थांबवता येते. जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी जायचे.

सैन्य सोडून दोघांनी पातूरला दवाखाना काढला, तेव्हा तो नियमही त्यांच्या सामानाबरोबर तिथे आला.

गजेंद्र बारावीत असताना पातूरच्या घाटात वऱ्हाडाची मेटॅडोर उलटली. जखमी दवाखान्याच्या ओट्यावर आणून टाकले गेले. त्यात जानरावांचा श्याम होता. पाय चेंगरलेला, सारी आळी डोक्यावर घेऊन ओरडणारा. त्याच्या शेजारी वरातीत डोक्यावर बत्ती धरून चालणारी एक मजूर बाई होती, ती आवाज न करता निळी पडत चालली होती. भगवंतराव बाईजवळ बसले. जानरावांनी त्यांचा दंड धरून ओढला, शिव्या दिल्या. ते उठले नाहीत. श्यामकडे ते नंतर गेले. बाई वाचली. श्यामही वाचला, पण त्याचा पाय अकोल्याला गुडघ्यावरून कापावा लागला.

जानराव तेव्हा तालुक्यातले वजनदार पुढारी होते. त्यांनी खटला भरला. अकोल्याच्या न्यायालयात भगवंतरावांविरुद्ध सर्वांत महत्त्वाची साक्ष दिली ती त्यांच्याच हाताखाली शिकणाऱ्या तरुण डॉक्टरने, देवीदास गावंडेने. वेदनेने ओरडणाऱ्या मुलाला सोडून दुसरीकडे वळणे हा निष्काळजीपणा आहे, असे त्याने शपथेवर सांगितले. भगवंतरावांना दंड आणि न्यायालय उठेपर्यंत कैद, अशी शिक्षा झाली.

शिक्षा नावापुरती होती. तरी ती भोगावी लागली. न्यायालय उठेपर्यंत भगवंतराव भिंतीलगतच्या बाकावर बसून राहिले. इतर खटले पुकारले जात होते, माणसे येत-जात होती, आणि येणारा प्रत्येक जण बाकावर बसलेल्या डॉक्टरकडे एकदा पाहून घेत होता. शेवटी शिपायाने खिडक्या लावायला सुरुवात केली. गजेंद्र दाराशी उभा होता. त्याच्या समोरून जानरावांचा हात खांद्यावर घेऊन देवीदास पायऱ्या उतरला. काही वर्षांतच जानरावांच्या मदतीने त्याने अमरावतीत रुग्णालय उभे केले. भगवंतरावांनी मात्र दुसऱ्याच दिवशी दवाखान्याची पाटी काढली. अपील केले नाही, नाडी धरली नाही, आणि फार जगलेही नाहीत.

गजेंद्रने वैद्यकीयचा अर्ज भरलाच नाही. तो वकील झाला, आणि डॉक्टरांविरुद्धचे दावे चालवण्यात त्याचे नाव झाले. त्याची नोटीस आली की वऱ्हाडातली रुग्णालये उत्तर देण्याआधी समझोत्याचा विचार करीत. लोक त्याला निर्दय म्हणत, ते त्याला आवडे. पण या साऱ्या दाव्यांत तो एकाच नावाची वाट पाहत होता.

ते नाव गोदाबाई उगले घेऊन आली. पातूरच्या माळी घरातली ही विधवा अमरावतीत भाजी विकून राहत होती. तिचा रोहित नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात कामाला होता. कामगारांची गाडी उलटून तो जखमी झाला, पोट धरून ओरडत रुग्णालयात आला आणि तिथेच गेला. रुग्णालय डॉ. देवीदास गावंडे यांचे होते.

गजेंद्रने ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. देवीदासचे शपथपत्र आले तेव्हा त्याने ते उभ्याउभ्याच वाचले. त्यात लिहिले होते, की दाखल करतेवेळी रोहित मोठ्याने ओरडत होता, म्हणजे त्याचा श्वासमार्ग मोकळा होता, म्हणून डॉक्टरांनी आधी बेशुद्ध जखमीकडे लक्ष दिले. वैद्यकशास्त्राचा हाच संकेत आहे.

शपथपत्रातली भाषा इंग्रजी वळणाची होती, पण नियम वडिलांचा होता. ज्या नियमासाठी या माणसाने त्यांना बाकावर बसवले, तोच नियम आज त्याने स्वतःच्या बचावासाठी पांघरला होता. गजेंद्रने ते पुन्हा एकदा वाचले. मग तो हसला.

त्याने जुन्या खटल्यातल्या साक्षीची नक्कल मिळवली आणि देवीदासची तोंडी उलटतपासणी घेण्याची परवानगी आयोगाकडून काढली. बेत सरळ होता. देवीदासला विचारायचे, तू खोटे केव्हा बोललास, तेव्हा की आता? 'तेव्हा' म्हणाला, तर खोटी साक्ष दिल्याचे कबूल होईल आणि भगवंतराव निर्दोष ठरतील. 'आता' म्हणाला, तर त्याचा बचाव कोसळेल आणि गोदाबाई जिंकेल. दोन्ही वाटांनी देवीदास संपत होता.

सत्यवतीने सारे ऐकून घेतले.

"ज्या साक्षीनं त्यायले मारलं, तेच हातात घेऊन चालला तू?"

"त्यालेच खाऊ घालणार आहो ते."

"अन् त्यानं थुंकलं तं?"

"कुठी थुंकन? वाटच नाई ठेवली त्याले."

"मंग मले बी ने अमरावतीले," ती म्हणाली. "त्यायच्या निकालाच्या दिवशी मी घरीच बसली होती."

आयोगाचे दालन लहान होते. अध्यक्षांच्या समोर साक्षीदारासाठी लाकडी कठडा, बाजूला टंकलेखिका, मागे चार बाके. सत्यवती शेवटच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी गोदाबाई, पिशवी मांडीवर घेऊन.

देवीदास आता वयाने थकला होता, पण कपड्यांची इस्त्री कडक होती. त्याने कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि गजेंद्रकडे ओळख न दाखवता पाहिले.

"ओरडणारा रुग्ण थांबू शकतो, असे आपण शपथपत्रात म्हटले आहे?" गजेंद्रने विचारले.

"होय. शास्त्र तसे सांगते."

गजेंद्रने साक्षीची नक्कल पुढे केली. "ही साक्ष आपली?"

देवीदासने चष्मा लावून वाचले. त्याच्या वकिलाने हरकत घेतली. अध्यक्षांनी ती फेटाळली.

"माझी आहे."

"यात आपण नेमके उलट सांगितले आहे. मग आपण खोटे केव्हा बोललात, डॉक्टर? तेव्हा की आता?"

देवीदासने आपल्या वकिलाकडे पाहिले. वकिलाने पापणी किंचित हलवली.

"तेव्हाची साक्ष खरी होती," देवीदास शांतपणे म्हणाला. "ते मत आजही कायम आहे. त्या मापाने पाहिले, तर रोहितच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली असे आयोगाला वाटू शकते. आयोग ठरवील तसे."

टंकलेखिकेची बोटे चालू लागली. गोदाबाईला एवढे कळले की डॉक्टरने चूक मानली. तिने हात जोडले. गजेंद्र मात्र आपल्याच कागदांकडे पाहत उभा राहिला. उरलेली उलटतपासणी जेवणाच्या सुटीनंतर घेऊ, असे सांगून अध्यक्ष उठले.

बाहेर चहाच्या टपरीपाशी देवीदास स्वतःहून त्याच्याजवळ आला.

"मोठा वकील झाला रे गजा. शाळेत होता तवा माया स्कूटरवर बसाले मांगं लागत होता."

गजेंद्रने हातातले कागद पिशवीत घातले.

"राग नको धरू. तूच सांग, मी काय म्हणाले पायजे होतं? आज चुकलो म्हटलं तं भरपाई विमा कंपनी देते. तवा खोटं बोललो म्हटलं तं जेलात कोण जाईन, विमा कंपनी?" त्याने बशीतला चहा फुंकला. "त्या बाईले तिचं भेटन. तुले तुयी केस भेटली. पण एक सांगू? भगवंतराव चुकले होते, हे आज पुन्हा लिहून झालं. त्या वेळी जानरावाले किती धडपड करा लागली होती बाप्पा. तुले फुकटात जमलं."

"चहा पिऊन घ्या," गजेंद्र म्हणाला. "दुपारी बोलाचं आहे अजून."

तो वळला तेव्हा त्याला काही दिसत नव्हते. आवारातल्या कडुलिंबाच्या झाडाखाली, नळाजवळ, तो बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. समोर दोन वाटा होत्या आणि दोन्ही बंद होत्या. देवीदासला खोटे पाडायचे, तर ओरडणारा थांबू शकतो हे सिद्ध करावे लागेल. म्हणजे गोदाबाईचा दावा आपल्याच हाताने बुडवायचा. गप्प बसायचे, तर वडिलांना पुन्हा त्याच बाकावर बसवायचे, आणि या वेळी बसवणारा मुलगा.

झाडाच्या पाराच्या पलीकडून त्याला गोदाबाईचा आवाज ऐकू आला. ती सत्यवतीशी बोलत होती.

"मी पोचली तवा लय ओरडून राहिला होता वो माय. पोट दाबून धरे. मी भेली. नर्सबाई म्हने, थांबा, डॉक्टर आत आहेत. मंग बऱ्याच येळानं गप झाला. मले वाटलं, सुई लागली असन, डोळा लागला असन. म्या पदरानं वारा घातला त्याले. म्हटलं, निजू द्या लेकराले."

"गप झाल्यावर कोणी आलं होतं?" सत्यवतीने विचारले.

"कोणी नाई. मी बी नाई बलावलं. निजेल पोराले कोण उठवते?"

सत्यवतीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने हाक मारली. "गजा, इकडं ये."

तो आला.

"तू या बाईले कधी विचारलं होतं का, पोरगं गप झाल्यावर काय झालं ते?"

गजेंद्रने विचारले नव्हते. त्याने रोहित किती मोठ्याने ओरडला, कोणाकोणाला ऐकू आला, किती जणांनी दुर्लक्ष केले, हे सारे खोदून खोदून विचारले होते. त्याला ओरडणे हवे होते. तेवढे मिळाल्यावर त्याने कागद मिटला होता.

"तुले त्यायचं अर्धंच मालूम आहे," सत्यवती त्याला थोडे बाजूला घेत हलक्या आवाजात म्हणाली. "कोर्टात जेवढं बोललं गेलं तेवढं. ओरडणारा थांबन, हे खरं. पण कान त्याच्याकडंच ठेवाचा. तो ओरडाचा थांबला का हातातलं टाकून धावाचं. तंबूत मी दुसरं काई करत नोती रे. नुसती आयकत फिरत होती, कोन गप झालं म्हणून. त्या दिवशी श्यामचा आवाज बंद झाला, अन् हे त्या बाईले माया हातात देऊन असे उठले का पाटावरची कात्री माया पायावर पडली. त्याचं सारं रक्त जाऊन राहिलं होतं. त्यायनं मांडी आवळून धरली ते अकोल्यापर्यंत सोडली नाई. पाय गेला. पोरगं राहिलं. म्हणून तं तो संत्रे पाठवते, येड्या."

"देवीदासले हे मालूम होतं?"

"तो समोरच उभा होता. दिवा धरून."

गजेंद्रने रुमालाने तोंड पुसले. शपथपत्र वाचताना त्याच्या चेहऱ्यावर आले होते तेच हसू पुन्हा आले. पण ते आता अधिक स्थिर होते.

सुटीनंतर देवीदास कठड्यात आला तो काहीसा निवांत होता.

"रोहितचे ओरडणे पुढे थांबले होते?" गजेंद्रने सुरुवात केली.

"थांबले होते. आमच्या परिचारिकेने 'रुग्ण शांत' अशी नोंद केली आहे."

"तिने आपल्याला येऊन सांगितले?"

"सांगितले."

"आपण काय म्हणालात?"

देवीदासने क्षणभर विचार केला. यात धोका त्याला दिसला नाही. "मी म्हणालो, झोपू द्या."

"झोपू द्या," गजेंद्रने ते शब्द टंकलेखिकेसाठी पुन्हा उच्चारले. "पातूरला भगवंतराव म्हैसने यांच्या दवाखान्यात आपण काम करीत होता. श्याम जानराव यांचे ओरडणे थांबले, तेव्हा आपण तिथे हजर होता?"

देवीदासच्या वकिलाने उठून हरकत घेतली. गजेंद्र अध्यक्षांकडे वळला. "साक्षीदाराने सकाळी त्याच घटनेवर उभे राहून आपले मत दिले आहे. मी फक्त ती घटना पूर्ण करतो आहे."

"उत्तर द्या," अध्यक्ष म्हणाले.

"हजर होतो."

"डॉक्टरांनी काय केले?"

देवीदासने चष्मा काढून पुसला.

"आठवत नसेल तर हरकत नाही. श्याम जानराव शेंदूरजनाघाटला संत्र्याचा व्यापार करतात. त्यांना बोलावण्याचा अर्ज मी आजच देतो."

"ते... ते त्याच्याकडे गेले."

"चालत?"

"धावत गेले."

"हातातला रुग्ण सोडून?"

"होय."

"का?"

गजेंद्र कठड्याच्या अगदी जवळ गेला होता. त्याचा आवाज चढला नव्हता. तो प्रश्न सुरी ठेवावी तसा ठेवत होता आणि वाट पाहत होता. इतक्या वर्षांत त्याने हा क्षण अनेकदा मनात उभा केला होता. पण त्यात देवीदास नेहमी काही तरी बोलत असे, विनवण्या करीत असे. हे मौन त्याला अपेक्षित नव्हते, आणि ते त्याला फार गोड लागले.

"का धावले, डॉक्टर? आयोगाला सांगा. आपण दिवा धरून उभे होता."

देवीदासचे ओठ हलले. कपाळावर घाम आला होता. कठड्यावरचे हात सरकले.

"सांगा ना. रोहितकडे कोणी का धावले नाही?"

"गजेंद्र, थांब." मागच्या बाकावरून सत्यवती उठली होती. अध्यक्षांनी वर पाहिले, शिपाई पुढे झाला. पण ती तोवर कठड्यापाशी पोचली होती. "तो गप झाला, तुले दिसत नाई का?"

तिने देवीदासचे मनगट धरले, त्याला खुर्चीवर बसवले, मान पुढे झुकवली. ती नाडी मोजत होती, ओठ न हलवता. गजेंद्र बाजूला उभा होता. त्या क्षणी त्याला काय वाटले, हे त्याने पुढे कोणालाही सांगितले नाही. आईने ते मनगट सोडावे, एवढेच त्याला वाटले होते.

"वहिनी," देवीदास पुटपुटला.

"वहिनी गिहिनी राहू दे. पाणी पी." तिने पेला त्याच्या हातात दिला. पुन्हा नाडी पाहिली. "घाबरला आहे. बाकी काई नाई." मग मुलाकडे वळून ती म्हणाली, "आता विचार, काय विचाराचं आहे ते."

अध्यक्षांनी साक्षीदाराला विचारले की तारीख द्यावी का. त्याच्या वकिलाने होकार भरला. देवीदासने मान हलवून नकार दिला. तो बसूनच बोलला, आणि टंकलेखिकेला पुढे झुकावे लागले.

"ओरडणारा गप्प झाला की त्याची पाळी सगळ्यांच्या आधी. म्हणून धावले."

"मग डॉक्टर निष्काळजी होते, ही आपली साक्ष?"

वकील उभा राहत होता. देवीदासने हाताने त्याला खाली बसवले.

"खोटी होती."

"हा नियम आपल्याला कोणी शिकवला?"

"भगवंतरावांनी."

"पूर्ण नाव सांगा. नोंदीसाठी."

"डॉक्टर भगवंतराव म्हैसने."

"पुन्हा सांगा. टंकलेखिकेला ऐकू गेले नाही."

टंकलेखिकेला ऐकू गेले होते. तिने मान वर केली, पण ती काही बोलली नाही. देवीदासने नाव पुन्हा सांगितले. गजेंद्रने ते तिच्या संगणकाच्या पडद्यावर अक्षर अक्षर उमटताना पाहिले आणि मग तो म्हणाला, "माझे प्रश्न संपले."

व्हरांड्यात दोन-तीन ओळखीच्या वकिलांनी त्याचा हात हातात घेतला. आता दावा पक्का, एकाने म्हटले. दुसऱ्याने खोट्या साक्षीबद्दल कारवाईचा अर्ज आजच टाक म्हणून सुचवले. तो अर्ज गजेंद्रच्या पिशवीत सकाळपासून तयार होता. त्याने पिशवीची चेन उघडली.

गोदाबाई भिंतीशी टेकून उभी होती. ती त्याच्याकडे येईना, म्हणून तोच तिच्याकडे गेला.

"काम झालं, बाई. डॉक्टरनं आपल्या तोंडानं कबूल केलं."

"आयकलं मी," ती म्हणाली. तिने पदराचे टोक बोटांत गुंडाळले होते आणि ती त्याच टोकाकडे पाहत होती. "वकीलसाहेब, म्हणजे तो निजला नोता?"

गजेंद्रने तिच्या बोटांतल्या पदराकडे पाहिले.

"मी वारा घालून राहिली होती तवा तो... मी आवाज द्याले पायजे होता का? मी वरडली असती, तं आला असता का डॉक्टर?"

तो तसाच उभा राहिला, एक हात पिशवीत. या प्रश्नाचे खरे उत्तर, म्हणजे रोहित गप्प झाला तेव्हाच कोणीतरी धावायला हवे होते हे, त्याने आयोगापुढे आताच सिद्ध करून दाखवले होते. सत्यवती त्याच्या मागून आली आणि तिने गोदाबाईला जवळ ओढले.

"ते तुयं काम नोतं, बाई. आयकाचं काम त्यायचं होतं. तू माय होती त्याची, तू वारा घातला."

गोदाबाई रडली नाही. ती सत्यवतीच्या खांद्यावर डोके टेकून गप्प राहिली, आणि सत्यवतीचा हात सवयीने तिच्या मनगटावर गेला.

गजेंद्रने अर्ज बाहेर काढला. तो टाकायचा होताच, आणि त्याने तो त्याच दिवशी टाकला. पण त्यासाठी अर्ज घेण्याच्या खिडकीपाशी जाण्याआधी तो त्या दोघींजवळ थांबून राहिला, गोदाबाई पुन्हा बोलू लागेपर्यंत.